घरातली नेटवर्किंग लॅब वाय-फायवरून इंटरनेटला जोडताना

सीसीएनएचा (सिस्को कंपनीच्या नेटवर्किंग परीक्षेचा) अभ्यास करणाऱ्यांच्या घरात साधारण एकच मांडणी दिसते. फायबरचा डबा हॉलमध्ये टीव्हीच्या मागे आणि लॅब आतल्या खोलीत. लॅब म्हणजे लॅमिंग्टन रोडवर किंवा ओळखीच्या कुणाकडून सेकंडहँड घेतलेले दोन-तीन सिस्को राउटर, १८४१ किंवा २८११, जोडीला एखादा २९६० स्विच आणि निळी कन्सोल केबल. २८११चा पंखा एकदा ऐकला की हे यंत्र हॉलमध्ये का ठेवू देत नाहीत ते कुणालाही पटतं. घर भाड्याचं असेल तर भिंतीला भोक पाडायची सोय नाही, आणि दाराखालून लांबलचक केबल ओढली तर रोज कुणाच्या तरी पायात येणार. हॉलमधला वाय-फाय मात्र आतल्या खोलीपर्यंत व्यवस्थित पोचतो. पण या राउटरांना वाय-फायच नाही. मग त्यांना इंटरनेट द्यायचं कसं?

उत्तर एका वाक्यात सांगता येतं. ज्याला वाय-फायही आहे आणि इथरनेटचं पोर्टही आहे असं एखादं यंत्र मध्ये ठेवायचं आणि त्याला राउटर म्हणून (दोन वेगळी नेटवर्क जोडणारा) वागवायचं, ब्रिज म्हणून (दोन्ही बाजूंचं एकच नेटवर्क करणारा) नाही. या वाक्याचा दुसरा अर्धा भाग बहुतेक जण गाळतात, आणि मग दोन-दोन रात्री सगळ्या सेटिंग्ज बरोबर असूनही पिंग (पलीकडचं यंत्र उत्तर देतं का ते बघायची चाचणी) का जात नाही हे शोधण्यात जातात. म्हणून आधी ब्रिज का चालत नाही ते नीट पाहू, मग जोडणीकडे वळू.

त्याआधी एक शंका. पॅकेट ट्रेसर (नेटवर्कची नक्कल करणारं सिस्कोचं सॉफ्टवेअर) फुकट मिळतो, सीसीएनएच्या मोठ्या भागाला पुरतोही. मग खऱ्या लॅबला इंटरनेट कशाला? पॅकेट ट्रेसरमधलं इंटरनेट म्हणजे तुम्हीच मांडलेला एक सर्व्हर असतो. तो कधी उशिरा उत्तर देत नाही, त्याचं नाव कधी सापडत नाही असं होत नाही. खरी लॅब जोडली की डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) खरा होतो, ट्रेसरूटमध्ये सेवादात्याचे खरे टप्पे दिसतात, नॅटचा (आतले अनेक पत्ते बाहेर एकाच पत्त्याने दाखवण्याच्या पद्धतीचा) तक्ता खऱ्या रहदारीने भरतो. घड्याळाचंच घ्या. २९६० स्विचमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. बंद करून चालू केला की 'शो क्लॉक' सोमवार, १ मार्च १९९३ दाखवतो, आणि वेळेच्या आधी एक चांदणी असते. ही वेळ भरवशाची नाही अशी ती खूण आहे. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची पद्धत) लावून ती चांदणी नाहीशी होताना बघितली की एनटीपी कशासाठी असतो हे पुन्हा पाठ करावं लागत नाही. सगळ्या यंत्रांच्या लॉगमध्ये एकच वेळ पडायला लागते आणि कोणता दुवा आधी पडला, कोणता नंतर, हे लॉग वाचून कळतं.

ब्रिज का चालत नाही

केबलवरच्या इथरनेट फ्रेममध्ये दोन मॅक पत्ते (नेटवर्क कार्डाचे स्वतःचे पत्ते) असतात, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. मधल्या स्विचचा पत्ता त्यात कुठेच नसतो. स्विच फ्रेम वाचतो, कोणत्या पोर्टवर कोण आहे ते टिपून ठेवतो आणि फ्रेम जशीच्या तशी पुढे ढकलतो. एका पोर्टमागे पन्नास यंत्रं असली तरी त्याला काही फरक पडत नाही.

वाय-फायचं तसं नाही. हवेत पाठवलेली फ्रेम पोचली का हे घेणाऱ्याने लगेच पोचपावती देऊन कळवायचं असतं, आणि पासवर्ड असलेल्या नेटवर्कवर प्रत्येक क्लायंटची एन्क्रिप्शनची किल्ली वेगळी असते. त्यामुळे या क्षणी हवेत कोण कोणाशी बोलतंय हे फ्रेममध्ये लिहावंच लागतं. फोनकडून ॲक्सेस पॉइंटकडे, म्हणजे हॉलमधल्या वाय-फायच्या डब्याकडे, जाणाऱ्या फ्रेममध्ये तीन पत्ते असतात: ॲक्सेस पॉइंटचा, पाठवणाऱ्या फोनचा आणि शेवटी ज्याला पोचायचं आहे त्याचा. उलट दिशेला येताना पुन्हा तीनच: फोनचा, ॲक्सेस पॉइंटचा आणि मूळ पाठवणाऱ्याचा.

आता या रचनेत काय नाही ते बघा. हवेत पाठवणारा आणि मूळ पाठवणारा यांच्यासाठी क्लायंटच्या बाजूला एकच जागा आहे. फ्रेम मी पाठवतोय, पण ती माझ्यामागे बसलेल्या दुसऱ्या यंत्राची आहे, असं सांगायची सोयच नाही. पूर्वी शिकायला शहरात आलेला मुलगा ज्यांच्या घरी राहायचा त्यांच्या नावाआधी पाकिटावर 'द्वारा' लिहिलेलं असायचं. वाय-फायच्या पाकिटावर क्लायंटकडच्या बाजूला 'द्वारा'ची ओळ नाही.

म्हणून लॅपटॉपवर वाय-फाय आणि इथरनेट ब्रिज करून मागे १८४१ जोडला, की राउटरची फ्रेम राउटरचाच मॅक पत्ता घेऊन हवेत जायला बघते. ॲक्सेस पॉइंटच्या यादीत हा पत्ता नाही, त्याच्याशी किल्ली ठरलेली नाही. तो ही फ्रेम घेत नाही. मानकात यासाठी कारणाचा क्रमांकसुद्धा ठरवून दिलेला आहे: ७, जोडणी न झालेल्या यंत्राकडून डेटा फ्रेम आली. लिनक्स तर इतकं पुढे जाऊच देत नाही. साध्या क्लायंट मोडमधलं वायरलेस कार्ड ब्रिजमध्ये टाकायला गेलं की 'ऑपरेशन नॉट सपोर्टेड' म्हणून जागीच थांबवतं. हा बिघाड नाही, तुमच्या कार्डाचा दोषही नाही.

चौथ्या पत्त्याची सोय मानकात आहे. दोन्ही टोकांनी मान्य केलं तर फ्रेममध्ये चार पत्ते घालता येतात आणि मग खरा ब्रिज होतो. त्याला डब्ल्यूडीएस म्हणतात, ओपनडब्ल्यूआरटीमध्ये (राउटरवर घालायच्या लिनक्समध्ये) ती सोय मिळते. अडचण अशी की ती हॉलमधल्या डब्यावरही असायला हवी, आणि सेवादात्याने दिलेल्या डब्यावर ती सहसा नसते. बऱ्याच मेश संचांमध्ये दोन डब्यांमधला दुवा याच चार पत्त्यांच्या पद्धतीने चालतो. म्हणजे मेशचा दुसरा डबा आतल्या खोलीत आधीच असेल, तर त्याच्या लॅन पोर्टला केबल लावली की काम झालं.

बाकी जे 'क्लायंट ब्रिज' किंवा 'युनिव्हर्सल रिपीटर' नावाने मिळतं ते मॅक पत्त्यांची अदलाबदल करून काम भागवतं. मागच्या यंत्रांच्या फ्रेमवर स्वतःचा मॅक लावायचा, आणि उत्तर आलं की आयपी पत्ता बघून योग्य यंत्राला द्यायचं. साध्या आयपी रहदारीला हे चालतं. पण ओपनडब्ल्यूआरटीमधलं रिलेडी, जे नेमकं हेच करतं, ते आयपी आवृत्ती ४पुरतंच आहे. व्हीएलॅनचे (एकाच स्विचवरच्या वेगवेगळ्या नेटवर्कांचे) टॅग, सीडीपीच्या (सिस्कोची यंत्रं शेजाऱ्याला ओळख देतात त्या) फ्रेम असल्या गोष्टी पलीकडे पोचण्याची आशा धरू नये. सिस्कोच्या जुन्या एअरोनेट ॲक्सेस पॉइंटमध्ये 'युनिव्हर्सल वर्कग्रुप ब्रिज' मोड आहे, तो दुसऱ्या कंपनीच्या ॲक्सेस पॉइंटलाही जोडतो, पण एकाच मॅक पत्त्याच्या वतीने. मागे फक्त राउटर असेल तर तेवढं पुरतं.

ब्रिज जमला तरी मी तो सुचवणार नाही. लॅबमध्ये आपण डीएचसीपी (यंत्रांना आपोआप आयपी पत्ते वाटणारा) सर्व्हर चालू-बंद करतो, मुद्दाम चुकीचे गेटवे देऊन बघतो. लॅब आणि घर एकाच ब्रॉडकास्ट डोमेनमध्ये असेल, तर लॅबचा डीएचसीपी घरातल्या फोनला पत्ता देऊन बसतो आणि घरभर नेट बंद. ज्याची ऑफिसची मीटिंग मध्येच तुटते, तो ही लॅब पुन्हा चालू करू देणार नाही. मध्ये राउटर असला की ब्रॉडकास्ट त्याच्यापाशी थांबतो.

मधलं यंत्र कोणतं घ्यावं

माझी पहिली पसंती रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, पुढे नुसता 'पाय'. तिसऱ्या पिढीपासून, म्हणजे २०१६पासून, त्यावर वाय-फाय आहे. मॉडेल ३बीचं इथरनेट १०० एमबीपीएसचं आहे आणि १८४१ची पोर्टंही १०० एमबीपीएसचीच आहेत, त्यामुळे जुना पाय पुरेसा आहे. शिवाय तो दिवसभर चालू ठेवला तरी आवाज नाही. २०२३मध्ये आलेल्या 'बुकवर्म' आवृत्तीपासून रास्पबेरी पाय ओएसमध्ये नेटवर्क मॅनेजर हाच मुख्य आहे, त्यामुळे काम फारच सोपं झालंय. इथरनेट जोडणीच्या आयपी आवृत्ती ४च्या सेटिंगमध्ये पद्धत 'शेअर्ड' निवडायची. तेवढ्याने इथरनेटला १०.४२.०.१ हा पत्ता मिळतो, त्या बाजूला डीएचसीपी सुरू होतो, पॅकेट पुढे पाठवणं सुरू होतं आणि वाय-फायच्या दिशेने नॅट लागतं. कोणत्याही लिनक्स लॅपटॉपवरही हेच करता येतं.

ज्यांना आतून समजून घ्यायचं आहे त्यांनी एकदा तरी हे सगळं हाताने करून बघावं: कर्नलमधलं आयपी फॉरवर्डिंग चालू करणं, एनएफटेबल्समध्ये बाहेर जाणाऱ्या वाय-फाय इंटरफेसवर 'मास्करेड' लावणं, आणि डीएनएसमास्कने पत्ते वाटणं. सिस्कोवर 'ओव्हरलोड' म्हणतात तेच लिनक्सवर मास्करेड. एकाच गोष्टीची दोन रूपं हाताखालून गेली की नॅट डोक्यात पक्कं बसतं.

पाय नसेल तर विंडोज लॅपटॉप चालतो. वाय-फाय ॲडॉप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शेअरिंग' टॅबवर खूण करायची आणि इथरनेट निवडायचं. विंडोज इथरनेटला १९२.१६८.१३७.१ हा पत्ता स्वतःहून देतं. तुम्ही आधी हाताने काही पत्ता दिला असेल तर तो जातो, हे लक्षात असू द्या. लॅपटॉप झोपला की लॅबचं नेट गेलं, आणि रीस्टार्टनंतर शेअरिंग कधीकधी पुन्हा लावावं लागतं, त्यामुळे हा तात्पुरता उपाय. मॅकवरच्या 'इंटरनेट शेअरिंग'मध्ये सहसा १९२.१६८.२.१ येतो.

तिसरा मार्ग म्हणजे हातात मावणारा ट्रॅव्हल राउटर. त्यात 'क्लायंट' आणि 'डब्ल्यूआयएसपी' (काही कंपन्या 'हॉटस्पॉट' म्हणतात) असे दोन मोड असतात. क्लायंट म्हणजे वर सांगितलेली अदलाबदल, डब्ल्यूआयएसपी म्हणजे नॅट करणारा राउटर. डब्ल्यूआयएसपी निवडा.

होस्टेल किंवा पीजीमध्ये ब्राउझरमध्ये लॉगिन करायचं नेटवर्क असेल तरी हीच रचना उपयोगी पडते. बाहेरून सगळी लॅब एकाच मॅक पत्त्याची दिसते, त्यामुळे मागच्या कोणत्याही पीसीवरून एकदा लॉगिन केलं की पुरतं. मात्र तिथल्या नियमात हे बसतं का, ते आधी विचारून घ्यावं.

आधी कागदावर पत्ते

जोडणीपूर्वी तीन नेटवर्क कागदावर लिहा: घराचं, मधलं आणि लॅबचं. तिन्ही वेगळी हवीत. १९९६च्या आरएफसी १९१८ने खासगी वापरासाठी तीन पट्टे राखून ठेवले आहेत: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. घरच्या डब्यावर बहुधा १९२.१६८.१.० असतं, जिओफायबरच्या डब्यावर १९२.१६८.२९.०. क्लासच्या लॅब शीटवरही १९२.१६८.१.०, २.०, ३.० हेच असतात, आणि इथेच गाठ पडते. एकच नेटवर्क दोन बाजूंना असलं की राउटर ते बाहेर शोधतच नाही. ते तर माझ्या शेजारच्याच पोर्टवर आहे, असं त्याला वाटतं.

मी पुढच्या उदाहरणात लॅबला १७२.१६.०.०/१६ आणि मधल्या दुव्याला १०.४२.०.०/२४ धरलं आहे. फोनचा हॉटस्पॉट वापरणार असाल तर आयफोन १७२.२०.१०.०/२८ देतो, तेव्हा लॅबला अख्खा १७२.१६.०.०/१२ पट्टा देऊ नका.

लॅबच्या उंबरठ्यावरचा राउटर

१८४१ला दोन फास्ट इथरनेट पोर्टं असतात. ०/० पायकडे, ०/१ लॅबच्या आत. साधी सरळ केबल चालते, कारण जुन्या राउटरला नसला तरी पायच्या पोर्टला ऑटो-एमडीआयएक्स (केबल सरळ की क्रॉस हे ओळखून जुळवून घेण्याची सोय) आहे आणि एका टोकाला असला तरी पुरतो.

०/० वर 'आयपी ॲड्रेस डीएचसीपी' द्या आणि 'नो शटडाउन' विसरू नका. पत्ता मिळाला की 'शो आयपी रूट'मध्ये डिफॉल्ट रूट आपोआप आलेला दिसेल, त्याचा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स २५४ (आकडा जितका मोठा तितका रूटवर भरवसा कमी). म्हणजे तुम्ही हाताने दुसरा डिफॉल्ट दिलात तर तो जिंकतो. इथे एक खड्डा आहे. अनेक लॅब शीटवर डिफॉल्ट रूट नुसत्या इंटरफेसच्या नावाने दिलेला असतो. असा रूट इथरनेटवर दिला की राउटरला पुढचा टप्पा माहीत नसतो, म्हणून तो जगातल्या प्रत्येक पत्त्यासाठी केबलवर एआरपी (या आयपीचा मॅक पत्ता कोणता, हा प्रश्न) विचारत सुटतो. पलीकडे सिस्कोचा राउटर असेल तर प्रॉक्सी एआरपीमुळे 'तो पत्ता माझ्याकडे पाठव' असं उत्तर मिळतं आणि चूक झाकली जाते. लिनक्सवर प्रॉक्सी एआरपी मुळात बंद असतो, त्यामुळे उत्तर येत नाही. सिस्कोकडे तोंड करून वर्षभर चाललेलं कॉन्फिगरेशन पायकडे तोंड केल्यावर पडतं ते यामुळे. डिफॉल्ट रूट नेहमी पुढच्या टप्प्याच्या पत्त्याने द्या, इथे १०.४२.०.१.

मग नॅट. ०/१ वर 'इनसाइड', ०/० वर 'आउटसाइड', १७२.१६.०.० ला ०.०.२५५.२५५ या वाइल्डकार्डने परवानगी देणारी ॲक्सेस लिस्ट, आणि शेवटी त्या लिस्टला ०/० इंटरफेसवर 'ओव्हरलोड' करणारी ओळ. आत आणखी राउटर असतील आणि ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना वाटा सांगायची पद्धत) चालत असेल, तर या राउटरवर 'डिफॉल्ट-इन्फर्मेशन ओरिजिनेट' दिलं की आतल्या सगळ्यांना बाहेरची वाट कळते. पाठीमागे आणखी राउटर असले तरी नॅट इथेच एकदा.

चाललं की नाही, ते या तक्त्यात बघायला मला फार आवडतं. लॅबमधल्या १७२.१६.१०.५ या पीसीवरून ८.८.८.८ला पिंग करा आणि राउटरवर 'शो आयपी नॅट ट्रान्सलेशन्स' द्या. एक ओळ दिसेल: आधी आयसीएमपी, मग इनसाइड ग्लोबल म्हणून राउटरचा बाहेरचा पत्ता, समजा १०.४२.०.५७, मग इनसाइड लोकल म्हणून १७२.१६.१०.५, आणि पुढे आउटसाइड लोकल व आउटसाइड ग्लोबल म्हणून दोनदा ८.८.८.८. पुस्तकातल्या ज्या चार संज्ञा परीक्षेत गोंधळ घालतात त्या इथे एका ओळीत ओळीने उभ्या असतात. पिंग थांबवा, मिनिटभराने पुन्हा बघा, ओळ गेलेली असेल. आयसीएमपीच्या नोंदीचं ठरलेलं आयुष्य ६० सेकंद आहे.

आता पुन्हा नॅट कशाला, पाय तर करतोच आहे, हा रास्त प्रश्न. उत्तर परतीच्या वाटेत आहे. पायला १७२.१६.०.० कुठे आहे हे माहीत नाही. लॅबचा राउटर नॅट करतो तेव्हा पायला फक्त १०.४२.०.५७ दिसतो, आणि तो तर केबलच्या दुसऱ्या टोकाला आहे. आतलं नॅट काढायचं असेल, तर राउटरला १०.४२.०.२ सारखा कायमचा पत्ता द्या, पायवर १७२.१६.०.०/१६साठी त्या पत्त्याकडे जाणारा रूट लिहा आणि पायचं मास्करेड त्या नेटवर्कलाही लागू करा. नेटवर्क मॅनेजरचं तयार शेअरिंग फक्त स्वतःच्या १०.४२.०.०लाच नॅट करतं, म्हणून इथे नियम हाताने लिहावे लागतात. आधी दुहेरी नॅटने चालू करा, स्थिर झालं की हे करून बघा. रूटिंगची दोन्ही दिशांनी काळजी घ्यावी लागते हे यातून जितकं कळतं तितकं कोणत्याही आकृतीतून कळत नाही.

अडलं तर

पिंग जवळून लांब न्या: आधी १०.४२.०.१, मग घरचा डबा, मग ८.८.८.८, मग एखादं नाव. जिथे थांबेल तिथेच बघा, पुढचं बदलू नका. पहिल्या पिंगला राउटरवर एक ठिपका आणि चार उद्गारचिन्हं दिसली, सक्सेस रेट ८० टक्के आला, तर घाबरू नका. पहिलं पॅकेट एआरपीच्या उत्तराची वाट बघण्यात गेलं, वाय-फायचा त्यात दोष नाही.

राउटरवरून पिंग जातो, पीसीवरून जात नाही, ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. राउटर स्वतः पिंग करतो तेव्हा बाहेरच्या पोर्टचा पत्ता वापरतो, नॅटची गरजच पडत नाही. म्हणून राउटरवरचा पिंग तुमच्या नॅटबद्दल काहीही सिद्ध करत नाही. पिंगला सोर्स म्हणून ०/१ द्या. तो अडला तर ॲक्सेस लिस्ट किंवा 'इनसाइड'ची ओळ तपासा. तो गेला आणि पीसी तरीही अडला, तर पीसीचा गेटवे बघा.

पत्त्याला पिंग जातो पण नाव सापडत नाही? टायपिंगची चूक झाली की राउटर त्या चुकीच्या शब्दाचं नाव शोधत बसतो, म्हणून पहिल्याच दिवशी सगळे 'नो आयपी डोमेन-लुकअप' द्यायला शिकतात. मग इंटरनेट जोडल्यावर ती ओळ तिथेच राहते आणि नावं सापडत नाहीत. ती काढा, 'आयपी नेम-सर्व्हर' द्या, आणि चुकीच्या टायपिंगच्या त्रासासाठी कन्सोल लाइनवर 'ट्रान्सपोर्ट प्रिफर्ड नन' द्या. दोन्ही कामं होतात.

पिंगची वेळ एकदा ४, एकदा १५०, पुन्हा ६ मिलिसेकंद अशी उड्या मारत असेल, तर पायच्या वाय-फायची वीज वाचवण्याची सोय बंद करून बघा, आणि जमत असेल तर ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर जा. सोसायटीत २.४ गिगाहर्ट्झवर शेजारपाजारच्या सगळ्या डब्यांची गर्दी असते. हवा एका वेळी एकालाच बोलू देते, त्यामुळे वेग मोजण्याचे किंवा क्यूओएसचे (कोणत्या रहदारीला आधी सोडायचं याचे) प्रयोग या दुव्यावरून करू नयेत. ते लॅबच्या आत, केबलवर करावेत.

जीएनएस३ आणि ईव्ही-एनजी

लॅब खरी नसून लॅपटॉपमध्ये, या दोनपैकी एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये, असेल तरी अडचण तीच. व्हर्च्युअल राउटर वाय-फायवर ब्रिज केला की त्याचा मॅक पत्ता ॲक्सेस पॉइंटला अनोळखी असतो. व्हर्च्युअलबॉक्स अशा वेळी बाहेर जाणाऱ्या फ्रेमवर लॅपटॉपच्या वाय-फायचा मॅक लावतं, म्हणून एखादं यंत्र चालूनही जातं आणि लोकांना वाटतं ब्रिज जमतोय. त्या नादी न लागता जीएनएस३मध्ये 'नॅट' नोड घ्या. जीएनएस३ व्हीएममध्ये तो १९२.१६८.१२२.०/२४ मधला पत्ता देतो. ईव्ही-एनजीच्या व्हीएमला नेटवर्क कार्ड ब्रिज्डऐवजी नॅटवर ठेवा. पुढचं उंबरठ्यावरच्या राउटरचं कॉन्फिगरेशन शब्दशः तेच.

आत येणारी वाट

घराच्या डब्यावर गेस्ट नेटवर्कची सोय असेल तर पायला त्यावर ठेवा. लॅबमधून इंटरनेट मिळतं, पण घरातल्या लॅपटॉपपर्यंत वाट राहत नाही. जुन्या आयओएसच्या (सिस्कोच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, आयफोनच्या नव्हे) यंत्रांवर टेलनेट आणि 'सिस्को' हाच पासवर्ड ठेवून आपण सराव करतो, त्यामुळे घरच्या डब्यावर पोर्ट फॉरवर्डिंग करून ही यंत्रं बाहेर उघडी ठेवू नका. या यंत्रांना सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं केव्हाच थांबलंय.

तसंही अनेकांना पोर्ट फॉरवर्डिंग करून उपयोग होत नाही. घरच्या डब्याचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यात असेल, तर सेवादात्याच्याही बाजूला एक नॅट आहे. २०१२च्या आरएफसी ६५९८ने हा पट्टा नेमका त्यासाठीच ठेवला आहे. मग लॅबचा राउटर, पाय, घरचा डबा आणि सेवादाता, अशी चार नॅट एकामागे एक होतात. बाहेर जाणाऱ्या रहदारीला याने काही होत नाही, पण बाहेरून आत यायला वाट उरत नाही.

मित्राच्या लॅबशी आयपीसेक बोगदा (इंटरनेटवरून एन्क्रिप्ट केलेली थेट जोडणी) करायचा असेल तर हे आड येतं. आयपीसेकच्या ईएसपी (एन्क्रिप्टेड डेटा नेणाऱ्या) पॅकेटला पोर्ट क्रमांकच नसतो, म्हणून पोर्टवर चालणारं नॅट त्याला ओळखू शकत नाही. २००५च्या आरएफसी ३९४८ने ईएसपीला यूडीपी ४५०० मध्ये गुंडाळायची पद्धत घालून दिली आणि आयओएसला ती येते. तरीही दोघांपैकी एकाकडे खरा सार्वजनिक पत्ता हवा. दोघांकडेही नसेल तर सार्वजनिक पत्ता असलेला छोटा व्हीपीएस (व्हर्च्युअल सर्व्हर) भाड्याने घ्या, दोघांकडचे रास्पबेरी पाय त्याला वायरगार्डने (व्हीपीएनच्या सॉफ्टवेअरने) जोडा, आणि त्या दुव्यावरून दोन्ही उंबरठ्यांच्या राउटरमध्ये जीआरई (पॅकेटमध्ये पॅकेट घालून नेणारा बोगदा) उभा करा. यात दोन्ही राउटरचे बाहेरचे पत्ते वेगळे हवेत, म्हणून मित्राच्या पायवर १०.४२ऐवजी १०.४३ ठेवा, आणि त्या दुव्यावर जाणाऱ्या पॅकेटना नॅट लावू नका. जीआरई २४ बाइट खातो आणि वायरगार्ड त्याच्या बाहेर आपले आणखी घेतो, म्हणून टनेल इंटरफेसवर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १५०० न ठेवता दोन्ही टोकांना १३५० वगैरे ठेवा आणि टीसीपीचा एमएसएस (पॅकेटमधल्या डेटाचा कमाल आकार) त्याहून ४० ने कमी. एमटीयू एकाच टोकाला बदलला आणि दुसऱ्याला विसरला की पिंग जातात, ओएसपीएफचे हॅलोही जातात, पण शेजारी 'एक्सस्टार्ट'वर अडकून बसतो.